पंप कुठला घेऊ?

"तेलाचा पंप घेऊ की बिनतेलाचा?" मी लेकीला फोनवर विचारलं.

"बाबा, मागच्या रविवारीच सांगितलं ना! भुसा उडतो तिथे, बिनतेलाचाच घ्या."

ती जर्मनीत इंजिनिअर आहे. इथे होती तेव्हा मी नक्षी कोरायचो आणि ती फळी दोन्ही हातांनी दाबून धरायची. आता ते काम पंपाचं. हवा ओढून फळी टेबलाला चिकटवून ठेवायची.

"आवाज फार करतो का गं?" मी आणखी एक शंका काढली.

तेवढ्यात गेलेली वीज आली. बटण बंद करायचं राहिलं होतं. महिन्यापूर्वीच घेतलेला पंप मागे घरघरू लागला.

ती घरघर तिनेही फोनवर ऐकली. मग म्हणाली, "बराच करतो. पण बाबा, पाइप कुठला लावायचा ते राहिलंच की. पुढच्या रविवारी ठरवू."