यंत्राला न दिसणारं

बुधवारी दुपारी अडीच वाजता कुपवाडच्या एका प्लास्टिक कचरा वेगळा करणाऱ्या कारखान्यात शिवांजलीच्या बोटात इंजेक्शनची सुई घुसली. तिथलं नवं यंत्र कचऱ्यावर प्रकाश टाकतं, परतलेल्या प्रकाशावरून प्लास्टिकचा प्रकार ओळखतं आणि हवेच्या झोताने तो वेगळा उडवतं. काळं प्लास्टिक प्रकाश शोषून घेतं, त्यामुळे ते यंत्राला दिसत नाही आणि सरकत्या पट्ट्यावरून तसंच पुढे निवडणाऱ्या बायकांच्या हाती येतं. बायका ते चुरगाळून आवाजावरून ओळखतात. हातमोज्यांत तो आवाज नीट कळत नाही, म्हणून मोजे काढून ठेवतात.

"गप गं. हळद दाब अन् मोजा चढीव," शेजारची चंद्राबाई कुजबुजली. "उघड्या हातानं काम केल्यालं कळलं तर घरी बसवतील."

"मावशी, मला चौथा म्हैना हाय."

शिवांजलीनं उठून सुपरवायझर उमा मॅडमसमोर बोट धरलं. मॅडमचा चेहरा उतरला. त्यांनी पट्टा बंद करायला लावला आणि सगळ्यांना विचारलं, "असं आणखी कुणाला झालंय का? खरं सांगा."


सायंकाळी सहापर्यंत पट्ट्यावरच्या अकरा बायकांपैकी कधी ना कधी सुई टोचलेल्या सात जणी रक्त तपासायला सांगलीच्या दवाखान्यात पोचल्या होत्या. एकीचाही रिपोर्ट अजून आलेला नाही.