मालकाचं माप

"तुमी सोता खुर्चीतून उठत नाई साहेब, अन् मले म्हनता, चालून दाखव!"

आरटीओ कार्यालयात सगळ्यांसमोर कोलू हे तोंडावर बोलला. लायसनसाठी आलेली माणसं भिंतीवरच्या पाट्या वाचू लागली. टेबलावरचं हिरवं कापड जमिनीपर्यंत लोंबत होतं. त्यामागं बसलेल्या साहेबांनी मान वर केली नाही.

"डावा पाय नाही. नापास," ते म्हणाले. "पुढचा."

"बिनक्लचची गाडी चालवतो म्हनलं ना मी! तिले डावा पाय लागतेच कुठी?"

"पुढचा." साहेबांचा आवाज जरा कापला. रागानं असावा.

कुबडी आपटत कोलू बाहेर आला. मागोमाग चपराशी आला. "त्यायच्या नादी लागू नको बावा. लय शिस्तीचा माणूस. सगळ्यायच्या आधी येते, सगळे गेल्यावर जाते. टेस्ट घ्यायले मैदानावर बी उतरत नाई, आमालेच धाडते."

"मंग देवळातच बसवा ना त्याले. वरून शेंदूर फासा."

आलापल्लीच्या लाकूड डेपोत सागाचा ओंडका घरंगळला, त्यात कोलूचा पाय मांडीपासून गेला होता. त्याआधी तो जीप चालवायचा. जंगलातल्या आपल्या गावातून अडलेली बाई, तापानं फणफणलेलं पोर, जो असेल त्याला आलापल्लीच्या दवाखान्यात पोचवायचा. आता ती माणसं खाटेवरून येतात. काही पोचतात, काही वाटेतच राहतात. गावानं त्याच्यासाठी एक जुनी बिनक्लचची गाडी बघून ठेवली होती. लायसन मिळालं तर ती येणार, नाहीतर नाही. एका माणसाच्या 'पुढचा' या शब्दावर अख्खं गाव लटकलं होतं.

तोवर तो चंद्रपुरात इब्राहीमचाचाच्या गॅरेजमध्ये काम करत होता. तिथं नाहीदबाई नावाच्या गिऱ्हाइकाची जुनी कॉन्टेसा गाडी उभी होती.

"अब्बांची गाडी आहे, विकायची नाही," बाई म्हणाल्या होत्या. "पण आमच्या मिस्टरांना गिअर टाकायचा कंटाळा येतो. ऑटोमॅटिक करून द्या."

"म्हंजे बुढीच्या तोंडात नवे दात बसवा म्हनता," चाचा हसले. पण काम घेतलं.

नागपूरच्या भंगारातून आणलेला पहिला ऑटोमॅटिक गिअरबॉक्स इंजिनाला लागेचना. एकही भोक जुळत नव्हतं. दुसरा आणला, वेगळ्याच जपानी गाडीचा. तोही तसा परकाच. चाचांनी लेथवर एक जाड लोखंडी चकती कातून घेतली, मधे घातली आणि दोघांचं लग्न लावलं. मागच्या चाकांकडं जाणारा लांब दांडा कापून आखूड केला. गिअरबॉक्स अंगानं जाड, म्हणून गाडीचा तळ ठोकून फुगवला.

गाडी सुरू झाली, पण वेग घेताना म्हशीसारखी लाथ मारायची.

"पुन्ना खोला," चाचा कंटाळून म्हणाले.

"थांबा चाचा, बिचारीले समजू तर द्या." कोलू ॲक्सिलरेटरकडून गिअरबॉक्सला जाणारी तार थोडी थोडी ताणत बसला. ताणायची, गॅरेजमागच्या मोकळ्या रानात एक फेरी मारायची, पुन्हा ताणायची. शेवटी एका फेरीत गिअर कधी बदलला ते त्याला कळलंच नाही. एका पायानं तो गाडी पळवत होता आणि एकटाच ओरडत होता, "चालली रे! चालली!"

चाचा फाटकात उभे राहून म्हणाले, "या पोराले नापास करनारा कोन हाय, त्याले एकदा इथी आना कोनी."

राहिलं होतं माप. सीट आणि पेडल मालकाच्या अंगाला बेतून बसवायचं, ही चाचांची रीत. बाईंनी घरून मिस्टरांच्या मापाचा लाल दोरा आणला.

"हे उजव्या पायाचं," त्या म्हणाल्या.

"अन् डाव्याचं?" कोलूनं विचारलं.

"क्लचच नाही, तर डाव्याचं काय करता?"

"बात तर सही हाय," चाचा म्हणाले. "पन बाई, बायकोले शिंप्याकडं धाडून कोनी पँट शिवते का? मालक सोता सीटवर बसल्याबिगर माही गाडी फाटकाबाहेर जात नाई. माह्या बापानं बी कधी सोडली नाई."

बाईंचा चेहरा उतरला. "ते लोकांसमोर येत नाहीत हो."

"एवढे मोठे हायेत?" कोलूनं टोमणा हाणला.

बाई रागावल्या नाहीत. त्याच्या कुबडीकडं बघत राहिल्या. "अशी गाडी त्यांनी कधी चालवलेली नाही. तुम्ही शिकवाल त्यांना?"

"शिकवीन. पन आधीच सांगतो, मी नापास मानूस हाय."

"चालेल," त्या म्हणाल्या. "रविवारी आणते. फाटक तेवढं लावून घ्या."

मोठ्या लोकांचे नखरे, कोलूला वाटलं. कोणी ठेकेदार असेल, नाहीतर पुढारी.

रविवारी ऑटोरिक्षा थेट आत आली. पडदे सोडलेले होते. चाचांनी फाटक लावलं. कोलूनं कॉन्टेसाचं दार उघडून धरलं. बाईंनी रिक्षाचा पडदा सारला.

आधी दोन कुबड्या बाहेर आल्या. मग उजवा बूट. पँटचा डावा पाय गुडघ्यापाशी दुमडून पिनेनं टाचलेला होता. मग हिरव्या कापडामागचा तोच चेहरा दिसला, आणि या वेळी त्या चेहऱ्याला मान वर करावीच लागली.

कोलूनं आपली कुबडी गाडीला टेकवली आणि त्यांना आधाराला हात दिला.

"या साहेब, बसा. चालवनं मी शिकवतो. पन एवढं सांगा, आता आपल्या दोघायले लायसन कोन देईन?"