टेबलावरचं पांढरं कडं

चार वाजता कमळाबाईच्या नातीला, पूर्वीला, बघायला पाहुणे येणार होते, आणि वळ गावातल्या नव्या बंगल्यातल्या सागवानी टेबलावर गरम पेल्याचं पांढरं कडं आजही उमटलं होतं. रोज उमटायचं, कबूल कुणीच करेना.

"आई, वर चादर टाकू?" सून म्हणाली.

"डाग झाकणारी बाय न्हाय मी!"

कमळाबाईने खोबरेलात राख कालवून कडं पार घासून काढलं. टेबल आरशासारखं चकाकलं. त्या चकाकीत एक हात वाफाळता पेला ठेवायला खाली येताना दिसला. टेबलापाशी मात्र तिच्याशिवाय कुणीच नव्हतं.

"आधी बशी घे, मेल्या!" कमळाबाई कडाडली.

हात थबकला.

तिने रिकामी बशी पुढे सरकवली. बशी किणकिणली, आणि तिच्यावरून वाफ निघू लागली.

"हां, असं!" कमळाबाई म्हणाली.