वाऱ्याचा वाटा

हेल्मेट चढवण्याआधी लेकीनं कानांत केशरी बोळे कोंबले आणि गॅरेजभर हशा पिकला. वडील नावाजलेले मेकॅनिक. दुरुस्त केलेली गाडी हायवेवर पिटाळल्याशिवाय गिऱ्हाइकाला न देणारे. ते उखडले, “गाडी ऐकायला निघालीस की झोपायला? काढ ते!” “वाऱ्याची बोंब अडवायला घातलेत, आप्पा. काढणार नाही.” “मी जन्मभर उघड्या कानांनी चालवली. काय वाकडं झालं माझं?” सवयीनं त्यांनी स्क्रूड्रायव्हरचं टोक चालू इंजिनाला टेकवलं, मूठ कानाला लावली आणि निकाल दिला, “ठणठणीत!” इंजिनातली खडखड तिला बोळ्यांतूनही ऐकू येत होती. गाडी न्यायला आलेल्या गिऱ्हाइकालाही. आता कुणी हसेना. तिनं स्क्रूड्रायव्हर त्यांच्याकडून काढून घेतला, बोळ्यांची दुसरी जोडी त्यांच्या तळहातावर ठेवली आणि कानाशी ओरडली, “वाऱ्यानं तुमचे कान खाल्ले तेवढे पुरे! उरलंसुरलं तुम्ही जपा, माझे त्याच्या बापालाही देणार नाही!”