नजरेचा बिबा
लातूरला सोनोग्राफीत शिवकन्येच्या धाकट्या जावेच्या, पुनमच्या बाळाचे ठोके घोड्याच्या टापांसारखे वाजले. तिच्या स्वतःच्या पोटातल्या बाळाचे मात्र थकल्या बैलाच्या पावलांसारखे, सावकाश. नवस आपण बोललो अन् टापा हिच्या पोटात, म्हणून शिवकन्येचा जीव जळत राहिला. त्यात सासूनं नजरेचा बिबा पुनमच्याच कमरेला बांधलेला. डॉक्टरीणबाई “हार्ट ब्लॉक” म्हणाल्या. “पोटातल्या लेकराला ब्लॉक? त्यानं कुठं तेलकट खाल्लं? नजरच लागली,” शिवकन्या म्हणाली. “नजर नाही. तुमच्याच रक्तातलं काहीतरी वारेतून बाळाकडं गेलं, ठोक्यांची वायर बिघडली. जन्मल्यावर पेसमेकर बसवू.” बाहेर पुनमनं कमरेचा बिबा सोडून पुढं केला. “आक्का, तुम्हीच बांधा.” शिवकन्येनं तो घेतला, मुठीत गच्च धरला. मग दोरा पुनमच्याच कमरेला परत बांधला, गाठ दोनदा आवळली. “राहू दे, बाई. तुझ्या लेकराला नजर लागलीच, तर माझीच लागंल.”