पेन्सिलीचे शेरे

गोंदियाहून बदलून आलेल्या नर्स प्रणिता मेश्रामला कोकणातल्या त्या गावात चार महिन्यांत कुणी चहालाही बोलावलं नव्हतं. सोबतीला तिने वाचनालयातून उपऱ्या माणसांच्या कथांचा संग्रह आणला. प्रत्येक कथेखाली कुणा आगाऊ वाचकाने पेन्सिलीने शेरा मारला होता. नेपाळी गुरख्याच्या कथेखाली ‘हा गेला’, मराठवाड्यातल्या मास्तरणीच्या कथेखाली ‘हीपण गेली’.

शेवटची कथा विदर्भातल्या नर्सची होती. खाली लिहिलं होतं, ‘ही अजून आहे.’

प्रणिताने पुस्तक मिटलं. तशीच उठून ती पुस्तक परत द्यायला गेली. ग्रंथपालकाकांनी शेवटचं पान उघडलं, शेरा खोडरबराने पुसला आणि लिहिलं, ‘गेली.’

“काका, मी इथेच उभी आहे!”

तिच्या आरपार दाराकडे बघत त्यांनी झाडणाऱ्या बाईला विचारलं, “अगो, हे पुस्तक कोण ठेवून गेलं?”