वीतभर पाटी

आठ वर्षांच्या सम्राटाला सकाळीच तलवारीनं संपवून सेनापती गाओ शेन तडक राजवाड्यातल्या पूर्वजांच्या देवळात शिरला. चीनचं तख्त आता त्याचं होतं ना. जुन्या घराण्याच्या नावांच्या पाट्या उतरवायच्या, आपल्या घराण्याच्या लावायच्या, की झालं.

आत बघतो तर एक म्हातारा सुतार नव्या पाट्या घासत बसलेला. अकरा चांगल्या हातभर लांब, कोऱ्या करकरीत. बारावी मात्र वीतभर.

"ही एवढीशी का रे? लाकूड संपलं?" गाओ हसला.

"शेवटचा लहानच असतो, महाराज," म्हातारा मान वर न करता म्हणाला. "मागच्या घराण्याच्या पहिल्या महाराजांनाही मी हेच सांगितलं होतं. तेही असेच हसले."

"त्यांना जाऊन दोनशे वर्षं झाली."

"झाली असतील."

गाओनं भिंतीकडे पाहिलं. तिथंही अकरा लांब पाट्या, आणि कडेला एक वीतभर. तिचं लाकूड जुनं, काळं पडलेलं. सकाळच्या पोराच्या नावाची अक्षरं मात्र अजून ओली होती.

त्यानं नवी वीतभर पाटी हातात घेतली. मग हळूच विचारलं, "आमच्या घराण्याचं ते शेवटचं पोर... त्याला फार दुखेल का?"

"ते तुम्ही आज सकाळी बघितलंत की, महाराज."